वॉर्डातल्या वृद्ध रुग्णांची काळजी इंटर्न आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांना कशी शिकवावी?

प्रश्न : सहायक प्राध्यापक, औषधवैद्यकशास्त्र (जनरल मेडिसिन)

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे जराचिकित्सेचा, म्हणजे वृद्धांच्या आजारांवरील उपचारांचा, स्वतंत्र विभाग नाही आणि नजीकच्या काळात तो सुरू होईल अशी चिन्हेही नाहीत. हा प्रश्न बरेच दिवस मनात होता. गेल्या महिन्यातल्या एका रुग्णामुळे तो लिहून विचारावासा वाटला.

७८ वर्षांच्या एक आजी न्यूमोनियासाठी आमच्या युनिटात दाखल झाल्या. आजारी पडेपर्यंत त्या स्वतः भाकरी थापत होत्या आणि शेळ्यांचे पाणी बघत होत्या. ही माहिती केसपेपरवर कुठेच नव्हती, ती मला अकराव्या दिवशी त्यांच्या सुनेकडून कळली. प्रतिजैविक बरोबर निवडले गेले होते, मात्रा बरोबर होती, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच रात्री त्या उठून बसू लागल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या आणि वारलेल्या दिराला हाका मारू लागल्या. रात्रपाळीच्या इंटर्नने झोपेचे इंजेक्शन दिले, दोन्ही हात बँडेजने खाटेला बांधले गेले आणि अंथरूण ओले होते म्हणून कॅथेटर (लघवीची नळी) घातला गेला. पुढचे सहा दिवस आजी ‘शांत’ होत्या. घरी जाताना त्यांना दोघांनी उचलून रिक्षात बसवले. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असे लिहिले होते, आणि छातीच्या एक्स-रेपुरते ते खरेही होते.

इंटर्नला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या अकरा दिवसांत राऊंडला मी रोज पांढऱ्या पेशी किती, ऑक्सिजन किती, एक्स-रे कसा आहे हेच विचारत होते, आणि आजी खाटेवरून उतरल्या का हे एकदाही विचारले नव्हते. तेव्हा चूक कोणाची, हे मला नीट माहीत आहे.

२०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात औषधवैद्यकशास्त्राखाली जराचिकित्सेच्या क्षमता स्पष्टपणे दिलेल्या आहेत. आम्ही त्यावर व्याख्याने घेतो, मुले टिपणेही चांगली लिहितात. तेच विद्यार्थी सहा महिन्यांनी वॉर्डात इंटर्न म्हणून उभे राहतात, तेव्हा त्या टिपणातले काहीच त्यांच्या हातात उतरलेले दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे ९.९ टक्के होती. मेडिसिनच्या वॉर्डात उभे राहून खाटांवर नजर टाकली तर हे प्रमाण कितीतरी मोठे दिसते. म्हणजे वृद्ध रुग्ण हा आमच्याकडचा अपवाद नाही, बहुतेक दिवशी तोच नेहमीचा रुग्ण आहे.

माझा प्रश्न मर्यादित आहे. नवा विभाग, नवी पदे, नवी यंत्रे मिळणार नाहीत असे गृहीत धरून, रोजच्या राऊंडमध्ये आणि रात्रपाळीत बसेल असे नेमके काय शिकवावे, ते कोणी शिकवावे, आणि मुले ते शिकली की नाही हे कसे ओळखावे?

उत्तर १ : फिजिशियन, पुणे, पंचवीस वर्षे मानद अध्यापन

मॅडम, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण स्वतःच दिले आहे. राऊंडला वरिष्ठ जे विचारतात, तेच कनिष्ठ आदल्या रात्री पाहून ठेवतात. सोडियम विचारले जाणार हे माहीत असल्यामुळे इंटर्न पहाटे प्रयोगशाळेत जाऊन सोडियमचा आकडा आणतो. ‘आजी काल किती पावले चालल्या’ हे सलग पंधरा दिवस विचारा, सोळाव्या दिवशी तो आजींना चालवूनच राऊंडला उभा राहील.

आपल्याकडे केस सांगण्याची एक ठरलेली चाल आहे. नाव, वय, गाव, तक्रार किती दिवसांची, मधुमेह-रक्तदाब आहे की नाही. मी या चालीत तक्रारीच्याही आधी एक वाक्य सक्तीने घातले : ‘पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस काय काय करत होता?’ या एका वाक्याने पुढचे सगळे बदलते. शेळ्यांचे पाणी बघणाऱ्या आजी तिसऱ्या दिवशी दिराला हाका मारतात, तेव्हा ‘म्हातारपणामुळे असेल’ असे म्हणायला जागाच उरत नाही. तो नवा आजार ठरतो आणि त्याचे कारण शोधावे लागते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दैनंदिन क्षमता मोजण्याच्या प्रचलित मापनपट्ट्या, मग ती १९६३ ची कॅट्झ यांची असो किंवा १९६५ ची बार्थेल, ज्या समाजात तयार झाल्या तेथे माणसे खुर्चीवर बसतात आणि कमोड वापरतात. आमच्या रुग्णाला उकिडवे बसता येते का, मांडी घालून जेवता येते का, जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते का, संडास घरात आहे की परसात, रात्री तेथे जाताना दिवा असतो का, हे त्या पट्ट्या विचारत नाहीत. बार्थेलमध्ये पूर्ण गुण मिळालेले आजोबा घरी जाऊन भारतीय पद्धतीच्या संडासात अडकून पडलेले मी पाहिले आहेत. मुलांना पट्टी जरूर शिकवा, परंतु हे चार-पाच प्रश्न तिला जोडून शिकवा.

दुसरी गोष्ट औषधांची. प्रत्येक वृद्ध रुग्णाबरोबर गोळ्यांची एक प्लास्टिकची पिशवी येते. इंटर्नने दाखल करताना ती पिशवी खाटेवर रिकामी करायची आणि प्रत्येक पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचायचे, ब्रँडचे नाही. गावातल्या डॉक्टरांनी मधुमेहासाठी दिलेले ग्लिमेपिराइड आणि शहरातल्या डॉक्टरांनी वेगळ्या नावाने दिलेले तेच ग्लिमेपिराइड एकाच पिशवीत सापडते. रुग्ण दोन्ही डॉक्टरांवर सारखीच श्रद्धा ठेवून दोन्ही गोळ्या घेत असतो, आणि साखर उतरल्यामुळे आलेल्या गुंगीला आपण पक्षाघात समजून सीटी स्कॅनला पाठवतो. या पिशवीचा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो. आपल्या वॉर्डातले सर्वपरिचित ॲव्हिल, म्हणजे फेनिरामिन हे ॲलर्जीवरचे औषध, हेही या धड्यात आलेच पाहिजे. रक्त चढवण्याआधी ॲव्हिल, खाज सुटली की ॲव्हिल, झोप येत नाही तरी ॲव्हिल, अशी आपली सवय आहे. ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंतल्या संदेशवाहक रसायनाला अडवणारी ही औषधे वृद्धांमध्ये भ्रम (डिलिरियम) निर्माण करतात, लघवी अडवतात आणि मलावरोध वाढवतात. १९९१ मध्ये मार्क बिअर्स यांनी वृद्धांसाठी अयोग्य औषधांची पहिली यादी केली, तेव्हापासून प्रत्येक सुधारित यादीत हा गट ठळकपणे आहे. मला विचाराल तर आजींच्या बाबतीतला पहिला संशय मी त्या दिवसाच्या औषधांच्या तक्त्यावरच घेतला असता.

तिसरी गोष्ट फळ्यावर एकदाच करून दाखवावी. क्रिएटिनिन १.० आले की इंटर्न ‘किडनी नॉर्मल’ असे लिहितो. त्याला मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र घेऊन ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचा हिशेब करायला लावा. १४० उणे ८० म्हणजे ६०, गुणिले ४५, भागिले ७२, आणि स्त्री असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर येते. तेच क्रिएटिनिन असलेल्या ३० वर्षांच्या, ७० किलोच्या तरुणाचे उत्तर सुमारे १०७ येते. हा आकडा स्वतःच्या हाताने काढलेला विद्यार्थी पुढच्या वेळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या अमिकासिन या प्रतिजैविकाची मात्रा लिहिताना थबकतो.

उत्तर २ : निवृत्त परिसेविका, शासकीय रुग्णालय

येथे सर्व डॉक्टर मंडळी लिहीत आहेत, तरी मी लिहिण्याचे धाडस करते, कारण मॅडमनी सांगितलेली ती रात्र मी माझ्या नोकरीत असंख्य वेळा पाहिली आहे.

रुग्णाचे हात बांधले जातात त्यामागे क्रूरपणा नसतो. एका सिस्टरकडे पन्नास-साठ रुग्ण असतात, मावशी एकच असते आणि तीही कधीकधी दोन वॉर्डांत मिळून. आजी पडल्या तर जबाब सिस्टरला द्यावा लागतो, बांधून ठेवल्या तर कोणी विचारत नाही. कॅथेटरचेही तसेच. तो अनेकदा रुग्णाच्या गरजेसाठी घातला जात नाही, चादर बदलायला माणूस नाही म्हणून घातला जातो, आणि मग तो काढायचा आहे हे डिस्चार्जपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या वॉर्डात मी युरोबॅगवर (लघवीच्या पिशवीवर) चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि ‘कशासाठी’ हे दोन शब्द लिहायला सुरुवात केली होती. कारण लिहिता आले नाही, तर त्याच दिवशी कॅथेटर काढण्याविषयी डॉक्टरांना विचारायचे. सुरुवातीला निवासी डॉक्टर चिडायचे, नंतर तेच पट्टी वाचू लागले.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात सहसा येत नाही. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकाला थांबू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु दिवसभर आजीजवळ बसलेला नातू आठ वाजता बाहेर गेला की रात्रभर तिच्या ओळखीचा एकही चेहरा आसपास राहत नाही. वर दिवे चालू, शेजारच्या खाटेवर धावपळ, मध्यरात्री रक्तदाब आणि पहाटे पाचला रक्त काढणे. चष्मा आणि कानाचे मशीन हरवू नये म्हणून घरच्यांनी परत नेलेले असते, कवळी रुमालात बांधून उशीखाली ठेवलेली असते. ज्या बाईला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि नीट बोलता येत नाही, ती अनोळखी जागी रात्री घाबरली तर त्यात नवल काय? माझी विनंती अशी आहे की प्रत्येक इंटर्नला पहिल्या आठवड्यात एक पूर्ण रात्र सिस्टरबरोबर बसवावे. सुया टोचण्यासाठी नव्हे, फक्त एका वृद्ध रुग्णाच्या खाटेजवळ बसून काय काय होते ते पाहण्यासाठी.

मिश्रीचाही उल्लेख करते. गावाकडच्या अनेक आजी दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ असेच असते, कारण विचारणाऱ्याच्या मनात व्यसन म्हणजे विडी आणि दारू. दाखल झाल्यावर मिश्री एकदम सुटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्वस्थपणा सुरू होतो. तंबाखू विचारताना मिश्री हा शब्द उच्चारून विचारावे, आणि तेही घरच्यांसमोर नको.

जाता जाता बोलण्याविषयी. ‘ए आजी, हात दे’ असे म्हणणारा इंटर्न मनाने वाईट नसतो, त्याला ते प्रेमाचे वाटते. पण शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना ते लागते. एकदा नाव विचारून ‘अहो’ म्हणावे. त्यानंतर त्यांनीच ‘आजी म्हण रे’ असे सांगितले तर प्रश्न मिटला.

उत्तर ३ : जराचिकित्सातज्ज्ञ, इंग्लंड

माझे एमबीबीएस महाराष्ट्रातल्याच एका शासकीय महाविद्यालयातले. आता इंग्लंडमध्ये जराचिकित्सेचा सल्लागार म्हणून काम करतो. ‘आमच्याकडे असे असते’ हा सूर टाळण्याचा प्रयत्न करतो, कारण इथल्या बऱ्याच गोष्टी तिथे जशाच्या तशा बसणार नाहीत.

तरीही एक इतिहास सांगण्यासारखा आहे. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या शुश्रूषागृहातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांतले बहुतेक वृद्ध वर्षानुवर्षे खाटेवरच पडून होते. मार्जोरी वॉरेन या डॉक्टर बाईंनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, त्यांचे गट पाडले, त्यांना खाटेवरून उठवले, आणि ‘असाध्य’ समजल्या गेलेल्यांपैकी अनेकजण घरी गेले. त्यांच्याकडे नवे औषध नव्हते. १९४३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखात या रुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयातच ठेवावे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना तेथेच शिकवावे असा आग्रह धरला होता. म्हणजे मॅडमचा प्रश्न ऐंशी वर्षांहून जुना आहे, आणि तो सुद्धा अपुऱ्या मनुष्यबळाच्या वॉर्डातच जन्मला होता.

भ्रमाविषयी, ज्याला आपल्याकडे ‘वातात बडबडणे’ म्हणतात. यासाठी एडिंबरामध्ये तयार झालेली ‘फोर-ए-टी’ ही चाचणी कनिष्ठांना शिकवायला मला सर्वांत सोयीची वाटते, कारण ती दोन मिनिटांत होते आणि वेगळे प्रशिक्षण लागत नाही. तिचे चार भाग आहेत : जागरूकता, चार छोटे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष), महिन्यांची नावे उलट्या क्रमाने, आणि अचानक झालेला किंवा कमी-जास्त होणारा बदल. चार किंवा अधिक गुण आले तर भ्रमाची शक्यता धरून कारणे शोधायची.

मराठी वॉर्डात यातले दोन भाग अडखळतात. जन्मतारीख विचारली की निम्मे आजोबा ‘१ जून’ सांगतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली होती. न शिकलेल्या आजी ‘बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला रांगत होता’ असे सांगतात, जे खरे तर स्मरणशक्तीचे उत्तम लक्षण आहे, परंतु कागदावर चूक ठरते. महिन्यांचेही तसेच. डिसेंबर-नोव्हेंबर न येणारी बाई फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष सहज म्हणते. मी तिथे असतो तर मराठी महिने किंवा आठवड्याचे वार उलटे विचारले असते. अर्थात अधिकृत प्रश्न बदलला की त्या चाचणीच्या गुणांचा भरवसा तसाच राहत नाही. म्हणून हा बदल लक्ष टिकते का हे समजण्यापुरताच वापरावा, शोधनिबंधासाठी नाही.

परंतु गुणांची विभागणी पाहा. अचानक बदल झाला आहे का, या एकाच प्रश्नाला चार गुण आहेत, आणि त्याचे उत्तर रुग्णाकडून येत नाही, त्याला ओळखणाऱ्या माणसाकडून येते. इंग्लंडमध्ये मला त्यासाठी रुग्णाच्या मुलीला फोन करावा लागतो आणि ती दुसऱ्या शहरात असते. आपल्या वॉर्डात सून खाटेच्या कडेला बसलेलीच असते. ‘आजी नेहमी अशाच असतात का?’ हा प्रश्न प्रत्येक इंटर्नला तोंडपाठ झाला तरी बरेच काम होईल. विशेषतः गप्प पडून राहणाऱ्या रुग्णाबाबत. आरडाओरडा करणारा भ्रम सर्वांना दिसतो, आणि मॅडमनी अवतरणचिन्हांत लिहिलेला तो ‘शांत’पणा मात्र कोणाला आजार वाटत नाही.

प्रतिबंधाविषयी एकच संदर्भ देतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील शॅरन इनुये आणि सहकाऱ्यांनी ८५२ वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळ-काळाची वारंवार आठवण, रात्रीची अखंड झोप, लवकर हिंडणे-फिरणे, चष्मा, कानाचे यंत्र आणि पुरेसे पाणी, एवढ्यावर लक्ष दिलेल्या गटात भ्रमाचे प्रमाण ९.९ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के. यात एकही गोळी नाही. तिथे बरेचसे काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले. आपल्याकडे ते नातेवाईक करू शकतात, फक्त त्यांना कोणीतरी सांगायला हवे. ते सांगणे हेच मी इंटर्नचे काम ठरवले असते. परिसेविका ताईंनी लिहिलेले आणि या अभ्यासातले मुद्दे किती तंतोतंत जुळतात, हे वाचताना लक्षात आलेच असेल.

उत्तर ४ : कनिष्ठ निवासी, प्रथम वर्ष

सर्व वरिष्ठांचा आदर राखून लिहितो. वरील प्रत्येक सूचना योग्य आहे, परंतु यांतली प्रत्येक सूचना शेवटी एकाच माणसाच्या डोक्यावर येते आणि तो माणूस मी आहे. आमच्या वॉर्डात खाटा ४० आहेत आणि रुग्ण त्याहून अधिक, उरलेले गाद्यांवर. इमर्जन्सीच्या दिवशी मी सकाळी आठला आत येतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडतो. मध्यरात्री दोन वाजता सिस्टर फोन करतात की खाट क्रमांक अमुकचा रुग्ण ओरडतो आहे आणि बाकीचे झोपू शकत नाहीत, तेव्हा मला लागते ती पाच मिनिटांत करता येईल अशी कृती. मापनपट्टी त्या वेळी उपयोगाची नसते.

ती कृती मला कोणीच शिकवली नव्हती. एका सिनिअरने एकदा सहज सांगितले की आधी पोटावर हात ठेव. मी ठेवला, आजोबांचे मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेले होते. लघवी मोकळी केली आणि ते दहा मिनिटांत झोपले. त्याआधीच्या तीन रात्री मी त्यांना लोराझेपाम हे झोपेचे औषध देत होतो. तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे : मूत्राशय, साखर, ऑक्सिजन, दुखणे, शेवटचा संडास कधी, आणि आज नवे औषध कोणते सुरू झाले. हे सगळे तपासूनही रुग्ण स्वतःला इजा करेल अशी भीती असेल तरच शांत करणारे हॅलोपेरिडॉल, तेही तरुणांना देतो त्याच्या तुलनेत अगदी थोडे, आणि कंपवात असेल तर तेही नाही. हा क्रम आमच्या ड्युटी रूमच्या दारावर चिकटवला आहे. मॅडमनी रात्रपाळीसाठी काय शिकवावे असे विचारले आहे, माझे उत्तर एवढेच आहे. मात्र तो कागद सिस्टरांच्या टेबलावरही असावा, कारण फोन त्याच करतात.

राऊंडला चालण्याविषयी विचारावे, हे पटते. परंतु विचारणाऱ्यांनी हेही ठरवावे की चालवणार कोण. फिजिओथेरपीचे विद्यार्थी सकाळी वॉर्डात येतात, त्यांना बोलावण्याचा अधिकार इंटर्नला द्यावा. सध्या त्यासाठी वेगळ्या कॉल-फॉर्मवर लेक्चररची सही लागते.

शिकले की नाही हे कसे ओळखावे, यावर एक नको ते सत्य सांगतो. लॉगबुकवर विसंबू नका. लॉगबुक टर्म संपण्याच्या आदल्या रात्री भरले जाते, हे आपण सर्वांनीच भरलेले असल्यामुळे सर्वांना माहीत आहे.

उत्तर ५ : जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन), निवृत्त प्राध्यापक

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ गृहीतकालाच माझी हरकत आहे. ‘नवे काही मिळणार नाही’ असे आपणच ठरवून टाकले तर शासनाला सोयीचेच आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. प्रादेशिक केंद्रांच्या पहिल्या यादीत मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय होते, आणि जिल्हा रुग्णालयांतही वृद्धांसाठी खाटा कार्यक्रमात अपेक्षित आहेत. मद्रास मेडिकल कॉलेजने तर जराचिकित्सेचा एमडी अभ्यासक्रम १९९६ मध्येच सुरू केला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही शासकीय रुग्णालयांनी त्यांच्यासाठी शक्य तितक्या खाटा द्याव्यात असे म्हटले आहे. पाठपुरावा करा. दहा खाटांचा एक कोपरा जरी वेगळा मिळाला, तरी तेथे शिकवण्याची पद्धत बसवता येते आणि इतर वॉर्ड तिचे अनुकरण करतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर, पाच आठवड्यांनंतर

सर्वांची मनापासून आभारी आहे. सरांच्या सूचनेनुसार खाटांसाठी प्रस्ताव पाठवला आहे. परंतु एक शंका मनात राहतेच. वेगळा कोपरा झाला की ‘वृद्धांचे ते तिकडे बघतात’ असे उरलेल्या वॉर्डांना वाटू लागेल, आणि आमचे वृद्ध रुग्ण तर हाडांच्या वॉर्डात, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, सगळीकडे आहेत. म्हणून प्रस्ताव आणि राऊंड दोन्ही चालू ठेवले आहेत.

प्रत्यक्षात केले ते थोडेच. केस सांगताना पंधरा दिवसांपूर्वीचे वाक्य सक्तीचे केले. रात्रीचा क्रम दोन्ही ठिकाणी चिकटवला. गोळ्यांच्या पिशवीचा धडा दर सोमवारी एका खाटेवर, पंधरा मिनिटे. फिजिओथेरपीच्या कॉलवर आता इंटर्नची सही चालते, त्यासाठी विभागप्रमुखांना एकच आकडा सांगितला. निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवलेल्या २००७ च्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला होता. आमच्या आजी तर निरोगीही नव्हत्या. सिस्टरबरोबरची एक रात्र इंटर्न मंडळींना मुळीच आवडलेली नाही, ती मी रद्द केलेली नाही.

लॉगबुकऐवजी डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवली : ‘आल्या दिवशी चालणे आणि जाताना चालणे’. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी दोन्हीकडे ‘ठीक’ असे लिहिले, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी दाराशी उभे राहून जाणाऱ्या रुग्णाला पाहू लागले. आता वाद तरी खरे होतात.

परवा एका इंटर्नने ८१ वर्षांच्या आजोबांचा डिस्चार्ज माझ्या परवानगीशिवाय थांबवला. झोपलेले असताना त्यांचा वरचा रक्तदाब १४०, उभे करून तीन मिनिटांच्या आत ११२, म्हणजे उठताच चक्कर येऊन पडण्याची भीती. पिशवीत प्रोस्टेटसाठीचे टॅमसुलोसिन, लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या. कोणती कमी करायची यावर आमचा अर्धा राऊंड गेला. ज्या खाटा बघायच्या राहिल्या तिथल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी तक्रार केली, आणि संडास घरापासून किती लांब आहे हे विचारायला तोच इंटर्न पुन्हा आजोबांकडे गेला.